चार्जर आधी चाकांवर उभी करा, रंगाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही चिपळूणला राहता. १:२५ मापाचं, १९६९ च्या डॉज चार्जर या अमेरिकन गाडीच्या प्लास्टिक मॉडेलचं किट घेतलंत, आणि हे तुमचं दुसरंच मॉडेल. जुलैत बॉडीवर जांभळा मेटॅलिक स्प्रे मारलात, तो दुधाळ झाला आणि वर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा आला. मग वेगळी मागवलेली रुंद चाकं लावून पाहिलीत, तर मागची मडगार्डला घासतायत. हेमी इंजिनावर (डॉज ज्या क्रायस्लर कंपनीची होती तिचं ताकदवान व्ही-८) ब्लोअर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप, चढवलात तर बॉनेट बसत नाही. आता विचारताय की रंगाला कुठलं पॉलिश लावू आणि मडगार्डची कड किती कापू.

पॉलिशने हा रंग सुधारणार नाही. आणि कड अजिबात कापू नका, निदान पुढचं वाचून होईपर्यंत.

तीन वेगळ्या अडचणी वाटतात खऱ्या, पण माझ्या मते त्यांचं मूळ एकच आहे. किटच्या सूचनापत्रात आधी इंजिन, मग चासी, मग अंतर्भाग आणि शेवटी बॉडी असा क्रम दिलेला असतो. डब्यातले भाग जसेच्या तसे जोडायचे असतील तर तो क्रम उत्तम. पण बाहेरचा एक जरी भाग आणला, चाक असो नाहीतर इंजिन, तरी तो क्रम उपयोगाचा राहत नाही, कारण तो भाग बसेल याची जबाबदारी आता किट बनवणाऱ्याची नसते, तुमची असते. तुम्ही सूचनापत्राच्या क्रमाने गेलात आणि बदल मात्र स्वतःचे केलेत. बहुतेक सगळे सुरुवातीला इथेच अडकतात.

मी तेवीस वर्षं अशा गाड्या करतोय. त्यातली चार वर्षं नोकरीमुळे मिशिगनमध्ये होतो, म्हणून खऱ्या चार्जर जवळून बघता आल्या. डेट्रॉइटच्या उत्तरेला वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी फेरी निघते. तिथे कडेला खुर्ची टाकून बसलं की दिवसभरात शेकडो मसल कार, म्हणजे चार्जरसारख्या दणकट इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाड्या, डोळ्यांसमोरून जातात. रस्त्यावरची गाडी बाजूने, चाकाच्या उंचीवरून बघायची सवय मला तिथे लागली. मॉडेल करताना या सवयीइतकं दुसरं काहीच माझ्या कामी आलं नाही.

काही गोष्टी तुमच्याकडे काय आहे त्यावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. किट कुठल्या कंपनीचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि एकाच गाडीच्या दोन किटांत चासीची रचना पुष्कळ वेगळी असू शकते. रंग अॅक्रिलिक लॅकर होता की इनॅमल, तेही कळलेलं नाही. तो उतरवायचा कसा, हे त्यावर ठरेल. आणि चाकं १:२४ ची असतील तर काय, ते पुढे येईलच.

आता सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट. ही गाडी कोणत्या दिवसाची आहे? शोरूममधून बाहेर पडली त्या दिवशीची, की मालकाने दुसऱ्याच दिवशी चाकं आणि एक्झॉस्ट बदलले तेव्हाची? अमेरिकेत या दुसऱ्या प्रकाराला 'डे टू' म्हणतात. का वीस वर्षांनी कुणीतरी तिचा मागचा भाग कापून, आत अवाढव्य टायर घालून केलेली 'प्रो स्ट्रीट' आहे? तुमच्या यादीत तिन्ही मिसळलेत. हेमी हे कारखान्यातलं, ब्लोअर आणि रुंद टायर प्रो स्ट्रीटचे, आणि गाडी खाली बसवायची इच्छा त्याहून अलीकडची. मिसळायला माझी हरकत नाही, गाडी तुमची आहे. पण प्रत्येक बदल दुसरा बदल मागतो. खरे मागचे टायर तेवढे रुंद केले की आतली मडगार्डं कापून मोठी करावी लागतात, अॅक्सल आखूड करावा लागतो, आणि मागची सीट जाते. मॉडेलमध्येही हेच सगळं ओळीने करावं लागतं. तुमची चाकं घासतायत ती याचमुळे: टायर प्रो स्ट्रीटचा आहे आणि अॅक्सल कारखान्याचाच राहिला आहे.

रंगाचंही तेच. डॉजचा तो प्रसिद्ध जांभळा, 'प्लम क्रेझी', १९७० च्या मॉडेलांवर आला. १९६९ ची गाडी शोरूमची म्हणून करत असाल तर हा रंग चुकीचा ठरतो. मालकाने नंतर रंगवलेली म्हणून करत असाल तर अगदी बरोबर. वर्ष ओळखणाऱ्या माणसाची नजर आधी जाळीवर जाते. ६९ च्या चार्जरच्या पुढच्या जाळीला मधोमध उभा दुभाजक असतो आणि मागचे दिवे लांबट असतात. ६८ ला दुभाजक नव्हता आणि दिवे गोल होते. ७० ला जाळीभोवती क्रोमचा अखंड बंपर आला. हे सांगायचं कारण, सुटे भाग मागवताना '६८–७० चार्जर' असं लिहिलेलं दिसेल, पण त्यातलं सगळंच तुमच्या गाडीला चालत नाही.

आता मुख्य काम. बॉडी, चासी, इंजिन, चाकं, सीटांचा तळ, सगळं गोंद न लावता एकत्र उभं करायचं. मी मास्किंग टेप, रबर बँड आणि भिंतीवर कागद चिकटवायचा तो निळा मऊ पुट्टीसारखा पदार्थ वापरतो. चाकं त्या पुट्टीवर अॅक्सलच्या जागी टेकवायची म्हणजे वर-खाली, आत-बाहेर सरकवून बघता येतात. गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवायची, कारण टेबल सपाट वाटतं पण नसतं. मग फोन चाकाच्या मध्याच्या उंचीला धरून बाजूने फोटो काढायचा. वरून बघितलं की प्रत्येक मॉडेल छानच दिसतं. चुका बाजूच्या फोटोत दिसतात.

इथे एक हिशेब कायम डोक्यात ठेवा. १:२५ मध्ये खऱ्या गाडीचा एक इंच म्हणजे जवळजवळ बरोबर एक मिलिमीटर. २५.४ भागिले २५, इतकं सोपं. म्हणजे अमेरिकन गाडीचं कुठलंही इंचातलं माप वाचलं की तेच मिलिमीटरमध्ये धरून पट्टी लावायची. चार्जरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) ११७ इंच, मॉडेलवर तो ११९ मिलिमीटरच्या आसपास भरला पाहिजे. रुंदी साधारण ७७ इंच, म्हणजे ७८ मिलिमीटर. मागच्या दोन टायरांच्या बाहेरच्या कडा त्याच्या आत राहायला हव्यात. व्हर्नियर नसेल तर शाळेची स्टीलची पट्टीही चालेल.

चाकं १:२४ ची असली तरी घाबरू नका. १५ इंची रिम १:२५ ला १५.२ मिलिमीटरची होते आणि १:२४ ला १५.९ ची. तो फरक डोळ्याला कळत नाही. बॉडी आणि चासीची अदलाबदल मात्र करू नका. तिथे व्हीलबेसमध्येच पाच मिलिमीटरचा फरक पडतो आणि चाकं मडगार्डच्या मध्यावर येत नाहीत.

गाडी खाली बसवायची म्हणताय, तर खरी चार्जर कशी बसवतात ते बघा. तिला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) आहेत आणि मागे पाटे. टॉर्शन बारचा बोल्ट ढिला केला की पुढचा भाग खाली येतो, त्यामुळे त्या काळच्या पोरांनी नाक खाली आणि शेपूट वर असाच बाज ठेवला. मागे उलट पाटे उचलून जाड टायर घातले. म्हणून मसल कार सगळीकडून सारखी खाली दाबली की मला ती अनोळखी वाटते. तुमच्या गाडीचं नाक दोन मिलिमीटर खाली घ्या, म्हणजे खऱ्यातले दोन इंच, आणि मागे सध्या काहीच करू नका. पुढे स्पिंडलचा (चाक ज्या दांड्यावर बसतं त्याचा) आधार तेवढा घासून पुन्हा चिकटवला की झालं. मागची चाकं आत घ्यायला अॅक्सलच्या नळीतून दोन्हीकडून सारखा तुकडा कापा. प्रत्येक बाजूला दीड मिलिमीटर कापून पुन्हा उभी करून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं आणि मडगार्डच्या कडेला हातच लावावा लागत नाही. त्या कडेचं वळण चार्जरच्या देखणेपणाचा मोठा भाग आहे. एकदा कापलं की ते हाताने परत आणणं फार अवघड.

आता ब्लोअर. तुमच्या पिशवीवर बहुतेक '६-७१' लिहिलेलं असेल. हा आकडा जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांवरून आला: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच. त्या ट्रकच्या इंजिनांना हवा ढकलायला जो रूट्स ब्लोअर होता, तोच हॉट रॉडवाल्यांनी, म्हणजे वेगासाठी गाड्या बदलणाऱ्यांनी, काढून पेट्रोल व्ही-८ वर बसवला. म्हणजे मुळातच ती चीज कारच्या बॉनेटखाली मावावी म्हणून बनलेली नाही. बॉनेट बंद होत नाही ही तुमची चूक नव्हे, ते तसंच असतं. बॉनेटला भोक पाडावं लागतं आणि ब्लोअर, कार्ब्युरेटर वर डोकावतात.

भोक कुठे, हे इंजिन ठरवतं. इंजिन चासीत नक्की बसवा, बॉनेटच्या आतल्या बाजूला टेप लावा, कार्ब्युरेटरच्या माथ्यावर लिपस्टिक किंवा ओला रंग लावून बॉनेट हलकेच टेकवा. जिथे डाग पडेल तो मध्य. आधी लहान भोक, मग कानशीने वाढवत जायचं. कटरने एकदम चौकोन कापू नका, कोपऱ्यातून भेग जाते. आणि एक पाहाच: ब्लोअरचा पट्टा खालच्या क्रँकच्या पुलीवरून फिरतो, तेव्हा वरची आणि खालची पुली एकाच उभ्या रेषेत, एकाखाली एक हवी. मी पाहिलेल्या कित्येक सुंदर मॉडेलांत पट्टा तिरका गेलेला असतो. तसं इंजिन सुरू केलं तर पट्टा पहिल्याच मिनिटाला निसटेल. पट्ट्याला जागा म्हणून रेडिएटर एखाद-दोन मिलिमीटर पुढे न्यावा लागेल. हेही आत्ताच, रंगाच्या आधीच.

इतकं झाल्यावर बॉडी. दारं, डिकी, बॉनेट यांच्या रेषा कटरच्या पाठीने हलक्या हाताने पुन्हा खोल करा. कारण परत तोच हिशेब: खऱ्या गाडीची फट चार-पाच मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर ०.२ मिलिमीटर. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून सहज ०.१ मिलिमीटरचा थर होतो. रेषा आधीच उथळ असेल तर ती बुजते आणि दार उघडणारं वाटतच नाही.

आता तुमचा बिघडलेला रंग. दुधाळपणा पावसाळ्यामुळे आला. लॅकरमधलं द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार होतो, आणि जुलैच्या कोकणातल्या हवेतली वाफ त्यावर जमून थरात अडकते. खडबडीतपणाचं कारण वेगळं: डबा लांबून धरला असेल, थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धे सुकले. दोन्ही एकत्र आल्यावर घासून-पॉलिश करून मार्ग निघत नाही, शिवाय मेटॅलिक रंग घासला की चमकीचे कण उघडे पडून पट्टे दिसतात. सगळा रंग उतरवा.

अॅक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. इनॅमल असेल तर ब्रेक ऑइल चालतं, हातमोजे घालून. कुठलंही द्रावण आधी स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, तुकड्यावर तपासा. आणि गॅरेजमध्ये मिळणारा एनसी थिनर बॉडीजवळही आणू नका, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मस्टँगचं छत मी असंच गमावलं. पाच मिनिटांत ते मऊ होऊन खाली बसलं होतं आणि ती बॉडी परत कधी मिळाली नाही.

पुन्हा रंगवताना भांड्यांच्या साबणाने धुवा, म्हणजे साच्याचा तेलकटपणा जातो. राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात, १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली हलकं घासणं, मग रंग. पहिला हात नुसता धुक्यासारखा, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, तिसरा थोडा ओला. डबा वीसेक सेंटिमीटरवर, आणि मारण्याआधी तो कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गरम पाण्यात नाही. चिपळूणला ऑक्टोबरपर्यंत थांबता आलं तर सर्वात चांगलं. थांबायचं नसेल तर पाऊस उघडलेली, ऊन पडलेली दुपार निवडा. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांना आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं. माझ्याकडे ते सत्तर टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर मी स्प्रे हातात घेत नाही. आणि प्रत्येक नवा डबा आधी वाढदिवसाच्या प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघायचा. चमचा बहुतेक पॉलिस्टायरीनचाच असतो, बॉडीवर जे होणार ते त्याच्यावर आधी दिसतं.

मेटॅलिकबद्दल अजून एक. कारसाठीच्या टच-अप डब्यातले कण खऱ्या गाडीच्या मापाचे असतात. मॉडेलवर तेच पंचवीस पट मोठे दिसतात आणि गाडी लहान मुलाच्या खेळण्यासारखी वाटते. मॉडेलसाठीचा बारीक कणांचा रंग घ्या, नाहीतर साधा सपाट जांभळा घेऊन वर क्लिअर मारा. माझं मत विचाराल तर या गाडीवर सपाटच छान दिसेल.

क्रोमच्या पट्ट्यांना पातळ चिकट फॉइल मिळते. खिडक्यांच्या कडांवर ती रंगानंतर लावायची. पण बॉडीवरच्या बारीक अक्षरांसाठी एक जुनी युक्ती आहे: प्रायमरनंतर, रंगाच्या आधी अक्षरांवर फॉइल दाबून बसवा, तसाच रंग मारा, आणि सुकल्यावर टूथपिकचं टोक थिनरमध्ये किंचित ओलं करून फक्त अक्षरांचा माथा पुसा. खालून चांदी वर येते. हाताने रंगवून इतकं स्वच्छ अक्षर मला आजवर जमलेलं नाही. मात्र इथे मॉडेलच्या रंगाचाच थिनर, तोही नावापुरता.

इंजिनात तारा घालायच्या आहेत असं तुम्ही शेवटी लिहिलंय. खरी प्लगची तार सात-आठ मिलिमीटर जाड, म्हणजे मॉडेलला ०.३ मिलिमीटर. परदेशातून महागडी मागवायची गरज नाही, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तेवढ्या जाडीची इनॅमल लावलेली तांब्याची तार मिळते, काळी रंगवली की काम झालं. डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) नऊ तारा निघतात: आठ प्लगना, एक कॉइलला. हेमीत प्लग सिलिंडर हेडच्या मध्यावर असतात, म्हणून तारा थेट व्हॉल्व्ह कव्हरच्या वरून आत शिरतात. हीच हेमीची ओळख. डिस्ट्रिब्युटर पुढच्या बाजूला आहे. क्रायस्लरचा फायरिंग क्रम (सिलिंडर कोणत्या क्रमाने पेटतात तो) १-८-४-३-६-५-७-२, चालकाच्या बाजूला १, ३, ५, ७. तार कुठून कुठे जाते ते या क्रमाने लावलं तर गुंता आपोआप खरा दिसतो. ब्लॉक नारिंगी, हे हेमीपुरतं. त्या वर्षीच्या ४४० मॅग्नम या डॉजच्या दुसऱ्या इंजिनाला फिरोजी रंग होता, बरेच जण तिथेही नारिंगी मारतात.

आतल्या भागाला फार वेळ देऊ नका. काचांतून डॅशबोर्ड आणि सीटांचा माथाच दिसतो. फक्त काचा इन्स्टंट ग्लूने चिकटवू नका, त्याच्या वाफेने त्या आतून पांढऱ्या होतात. पांढरा फेव्हिकॉल पुरे, सुकला की पारदर्शक होतो.

तर तुमच्यासाठी क्रम असा: रंग उतरवा, गाडी कोणत्या दिवसाची ते ठरवा, चाकं आणि इंजिन टेपने बसवून गाडी उभी करा, अॅक्सल आणि बॉनेटचं काम उरका, सगळं सुटं करून रेषा खोल करा, आणि मग कोरडी दुपार मिळाली की प्रायमर. टेपवर उभी असलेली गाडी काचेवर ठेवून बाजूने काढलेला फोटो मला दाखवा, शक्यतो शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. अॅक्सलमधून दीड मिलिमीटर पुरेल की दोन लागतील, ते त्यावरून सांगता येईल.